शोधाला काहीच सापडलं नाही, तर ॲक्सेसचा फॉर्म काय दाखवतो?

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये वाचनालयाच्या सभासदांचा एक साधा शोध-फॉर्म घ्या. वरच्या पट्टीत आडनाव टाकायची चौकट, शेजारी ‘शोधा’ बटण, खाली यादी. असलेलं आडनाव टाकलं की यादी नीट येते. नसलेलं आडनाव टाकलं की खालचा सगळा भाग कोरा होतो. यादीच्या ओळी, चौकटी, लेबलं यातलं काहीच उरत नाही. संगणकासमोर बसलेल्या माणसाला वाटतं, फॉर्म बिघडला. तो फाईल बंद करतो, पुन्हा उघडतो, तेच आडनाव टाकतो, पुन्हा कोरं.

फॉर्म बिघडलेला नसतो. ‘शून्य नोंदी’ हे उत्तर त्याला मिळालेलं असतं, पण ते सांगायची सोय कुणी केलेली नसते. रिपोर्टला ‘ऑन नो डेटा’ नावाचा इव्हेंट (नोंदी नसल्या की आपोआप चालणारी कोडची जागा) मिळतो, फॉर्मला मिळत नाही. त्यामुळे हे काम फॉर्म बांधणाऱ्यालाच करावं लागतं, आणि ते शेवटी उरकायचं काम नव्हे. शोध-फॉर्म बांधायला घेतला की रिकाम्या उत्तराची जागा आधी ठरवावी, असं माझं ठाम मत आहे.

(खाली कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाकायची.)

फॉर्म कोरा का होतो

फॉर्मच्या मागच्या रेकॉर्डसेटमध्ये (त्याला मिळालेल्या नोंदींच्या संचात) एकही नोंद नसेल आणि नवी नोंद घालायचीही मुभा नसेल, तर ॲक्सेसला डिटेल भागात (नोंदी दिसतात त्या मधल्या भागात) दाखवण्यासारखं काही उरत नाही. मग तो भाग ॲक्सेस दाखवतच नाही. नवी नोंद न घालता येण्याची कारणं दोन. एक म्हणजे ‘अलाऊ ॲडिशन्स’ ही प्रॉपर्टी ‘नो’ आहे. दुसरं म्हणजे रेकॉर्ड सोर्सच (नोंदी जिथून येतात ते टेबल किंवा क्वेरी) बदल न स्वीकारणारा आहे: बेरजा करणारी ‘ग्रुप बाय’ क्वेरी, ‘युनियन’ क्वेरी, केवळ वाचनासाठी उघडलेली फाईल, किंवा स्नॅपशॉट प्रकारचा रेकॉर्डसेट.

यावर सरसकट सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘अलाऊ ॲडिशन्स’ ‘येस’ करून टाका. फॉर्म कोरा होत नाही हे खरं, पण शोधाच्या फॉर्मवर हे करू नये. शून्य नोंदी आल्या की आता नव्या नोंदीची मोकळी ओळ दिसते. वापरणाऱ्याला ती शोधायचीच दुसरी जागा वाटते आणि तो तिथे आडनाव टाइप करतो. एक अर्धवट सभासद टेबलात जमा होतो, ना पत्ता ना मोबाईल. काही महिन्यांनी तोच ‘सभासद’ शोधात सापडायला लागतो आणि खरा कुठला, हा प्रश्न उभा राहतो.

शोध वेगळा, यादी वेगळी

यातून सुटायची सगळ्यात भक्कम रचना अशी: मुख्य फॉर्म कुठल्याही टेबलाशी न जोडलेला ठेवायचा, रेकॉर्ड सोर्स पूर्ण मोकळा. शोधाच्या चौकटी आणि बटणं त्याच्यावर. यादी मात्र सबफॉर्ममध्ये, म्हणजे फॉर्मच्या आत बसवलेल्या दुसऱ्या फॉर्ममध्ये, आणि त्या सबफॉर्मचं ‘अलाऊ ॲडिशन्स’ ‘नो’. मुख्य फॉर्म डेटाला बांधलेलाच नसल्याने तो कधी कोरा होत नाही. कोरा झालाच तर सबफॉर्म होतो, आणि त्या जागी काय दाखवायचं हे आपल्या हातात राहतं.

एकाच फॉर्मच्या हेडरमध्ये शोधाची चौकट ठेवली तर आणखी एक अडचण येते. अक्षरागणिक यादी गाळायची हौस अनेकांना असते. त्यासाठी ‘ऑन चेंज’ इव्हेंटमध्ये चौकटीची ‘टेक्स्ट’ प्रॉपर्टी वाचली जाते. अक्षरं वाढत गेली, नोंदी शून्यावर आल्या, डिटेल भाग गेला, की ॲक्सेस २१८५ क्रमांकाची चूक दाखवतो: कंट्रोलवर (चौकट, बटण अशा घटकावर) फोकस असल्याशिवाय ही प्रॉपर्टी वाचता येणार नाही. कर्सर तर डोळ्यांदेखत त्याच चौकटीत असतो, म्हणून माणूस चूक भलतीकडेच शोधत बसतो. खरं कारण रिकामी यादी हेच असतं. चौकट बांधणी नसलेल्या मुख्य फॉर्मवर हलवली की हा प्रश्न मिटतो. आणि खरं सांगायचं तर अक्षरागणिक शोधाची गरज फार थोड्या ठिकाणी असते. एंटर किंवा ‘शोधा’ बटण पुरतं, जुन्या संगणकावर तर तेच बरं.

मोजायचं कसं

सबफॉर्मला फिल्टर लावल्यानंतर त्याच्या रेकॉर्डसेटक्लोनला (त्याच नोंदींच्या प्रतीला) विचारायचं. बटणाच्या ‘ऑन क्लिक’मधला गाभा एवढाच (‘सबयादी’ म्हणजे यादीचा सबफॉर्म, ‘चौकटशोध’ म्हणजे आडनावाची चौकट, ‘चौकटसंख्या’ म्हणजे आकडा ठेवायची अदृश्य चौकट):

डिम आरएस ॲज डीएओ.रेकॉर्डसेट
सेट आरएस = मी.सबयादी.फॉर्म.रेकॉर्डसेटक्लोन
इफ आरएस.रेकॉर्डकाउंट = ० देन
मी.चौकटशोध.सेटफोकस
मी.चौकटसंख्या = ०
मी.सबयादी.व्हिजिबल = फॉल्स
एल्स
आरएस.मूव्हलास्ट
मी.चौकटसंख्या = आरएस.रेकॉर्डकाउंट
मी.सबयादी.व्हिजिबल = ट्रू
एंड इफ

क्रम असाच हवा. डीएओमध्ये (कोडमधून नोंदी हाताळायच्या ॲक्सेसच्या नेहमीच्या पद्धतीत) रेकॉर्डकाउंट म्हणजे एकूण नोंदी नव्हेत, आतापर्यंत हात लागलेल्या नोंदी. म्हणून पूर्ण आकडा हवा असेल तर आधी मूव्हलास्ट लागतं. पण रिकाम्या रेकॉर्डसेटवर मूव्हलास्ट किंवा मूव्हफर्स्ट केलं की ३०२१ ही चूक येते, ‘चालू नोंद नाही’. शून्य आहे का, एवढं विचारायला मात्र मूव्हलास्ट लागत नाही. एक जरी नोंद असली तरी आकडा किमान १ येतो, त्यामुळे शून्याची तपासणी भरवशाची आहे. एडीओ ही दुसरी पद्धत वापरत असाल तर हे गणित चालत नाही. तिथे पुढेच जाणारा कर्सर असेल तर रेकॉर्डकाउंट उणे १ देतो, म्हणून ‘बीओएफ’ (पहिल्या नोंदीच्या आधी) आणि ‘ईओएफ’ (शेवटच्या नोंदीच्या पुढे) दोन्ही खरे आहेत का ते बघावं.

सेटफोकसची ओळ आधी का? ज्या कंट्रोलवर फोकस आहे तो लपवता येत नाही, चूक २१६५. वापरणारा यादीत क्लिक करून बसला असेल आणि शोध दुसऱ्या कुठल्या मार्गाने सुरू झाला असेल तर हीच चूक येणार.

फिल्टर न लावता त्याच यादीत एका नोंदीवर उडी मारायची असेल तर फाइंडफर्स्ट वापरा आणि लगेच ‘नोमॅच’ तपासा. शोध फसल्यावर रेकॉर्डसेटची चालू नोंद कुठली, याला अर्थ नसतो. त्या अवस्थेत बुकमार्क (नोंदीची खूण) उचलून फॉर्मला दिला तर फॉर्म भलत्याच सभासदावर जाऊ शकतो आणि पुढची वर्गणी त्याच्या नावावर चढते. डूसीएमडी.फाइंडरेकॉर्ड सोपं वाटतं, पण सापडलं की नाही हे ते परत सांगतच नाही. ते टाळा.

टेबलातून एक किंमत आणणारं डीलुकअप रिकाम्या उत्तराला नल (‘काहीच नाही’) देतं. ते थेट स्ट्रिंग प्रकारच्या चलात टाकलं तर चूक ९४. डीसमही बेरजेला काही नसलं तर शून्य देत नाही, नल देतं. दोन्हींभोवती एनझेड (नलऐवजी दुसरी किंमत देणारं फंक्शन) हवं. डीकाउंट तेवढं सरळ शून्य देतं.

सबफॉर्मच्या फूटरमधली बेरीज मुख्य फॉर्मवर ओढून दाखवली असेल तर यादी रिकामी होताच तिथे एररचा शिक्का उमटतो. तिथल्या कंट्रोल सोर्समध्ये आधी सबफॉर्मच्या रेकॉर्डसेटक्लोनचा आकडा शून्याहून मोठा आहे का ते आयआयएफने (अट बघून दोनपैकी एक उत्तर देणाऱ्या फंक्शनने) विचारावं, नसेल तर ० दाखवावा.

मराठी संदेश मेसेजबॉक्समध्ये टाकू नका

व्हीबीए (ॲक्सेसमध्ये कोड लिहायची भाषा) एडिटर युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत) धरत नाही. नेहमीच्या विंडोज मांडणीवर कोडमध्ये ‘नोंद सापडली नाही’ असं देवनागरीत लिहिलं की प्रश्नचिन्हांची रांग मिळते. एमएसजीबॉक्सचंही तेच. म्हणून पुष्कळ फॉर्मवर डेटा मराठी आणि संदेश मोडक्या इंग्रजीत, किंवा ‘नोंद सापडली नाही’ हेच वाक्य रोमन लिपीत, असा प्रकार दिसतो.

याची गरज नाही. फॉर्म, प्रॉपर्टी शीट आणि टेबलं युनिकोड नीट सांभाळतात. वरच्या कोडने ‘चौकटसंख्या’ या अदृश्य चौकटीत फक्त आकडा ठेवला, तो याचसाठी. सबफॉर्मच्या लगेच वर, त्याने झाकली जाणार नाही अशी, एक बिनबांधणीची टेक्स्टबॉक्स ठेवा. एनेबल्ड ‘नो’, लॉक्ड ‘येस’, किनार पारदर्शक, अक्षर १४ पॉइंट. तिच्या कंट्रोल सोर्समध्ये हे सूत्र प्रॉपर्टी शीटमधूनच टाका:

=आयआयएफ(इझनल([चौकटसंख्या]), "", आयआयएफ([चौकटसंख्या]=०, "‘" & [चौकटशोध] & "’ या आडनावाचा सभासद नाही", [चौकटसंख्या] & " सभासद सापडले"))

पहिली आयआयएफ फॉर्म नुकताच उघडला असतानाच्या अवस्थेसाठी. शोध घेतलेलाच नसताना ‘सापडलं नाही’ म्हणणं चूकच. लेबलऐवजी टेक्स्टबॉक्स घेण्याचं कारणही आहे: लेबलच्या कॅप्शनमध्ये ‘&’ हे चिन्ह आलं तर ते गायब होऊन पुढच्या अक्षराखाली रेघ येते, टेक्स्टबॉक्समध्ये तसं होत नाही.

शोधलेला शब्द संदेशात जसाच्या तसा दाखवणं फार उपयोगाचं आहे. बऱ्याचदा टायपिंगची चूक तिथेच नजरेला पडते. आणि शोधाची चौकट रिकामी करू नका. ‘कुलकर्नी’चं ‘कुलकर्णी’ करायला एक अक्षर बदलायचं असतं, सगळं आडनाव पुन्हा टाइप करायला लावू नये.

शून्याचेही दोन प्रकार. टेबलच रिकामं असेल तर ‘अजून एकही सभासद नोंदवलेला नाही’ हे वेगळं वाक्य हवं. त्यासाठी पूर्ण टेबलावर एक डीकाउंट पुरे. तिसरी गोष्ट सगळ्यात घातक. टेबलं नेटवर्कवरच्या दुसऱ्या फाईलमध्ये असतील आणि ती फाईल मिळत नसेल, तर ते शून्य नव्हे, ती चूक आहे. पण वर कुठेतरी ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहिलेलं असेल तर मोजणी फसते, चलात सुरुवातीचा ० तसाच राहतो, आणि फॉर्म शांतपणे सांगतो की असा सभासद नाही. आहे की नाही हे त्याला कळलेलंच नसतं! शोधाच्या प्रोसिजरमध्ये ही ओळ मुळीच नको, चूक वेगळी पकडा आणि वेगळी दाखवा.

शून्य आल्यावर ‘नवीन सभासद’ बटण पुढे करणं सोयीचं. टाइप केलेलं आडनाव ओपनआर्ग्जमधून (फॉर्म उघडताना सोबत मजकूर द्यायच्या सोयीतून) नव्या फॉर्मला द्या, पण तिथे ‘ऑन लोड’मध्ये ते थेट फील्डमध्ये भरू नका. तसं केलं की नोंद लगेच सुरू होते आणि माणसाने नुसता फॉर्म बंद केला तरी अर्धवट सभासद जतन होऊ शकतो. त्या चौकटीच्या ‘डिफॉल्ट व्हॅल्यू’ला दुहेरी अवतरणचिन्हांत ते आडनाव द्या. दिसतं भरलेलं, पण काहीतरी टाइप होईपर्यंत नोंद जन्मत नाही.

नोंद आहे, तरी शून्य

इथे जास्त वेळ द्यायला हवा, कारण ‘सापडलं नाही’ हे उत्तर कितीही नीट दाखवलं तरी ते खोटं असेल तर उपयोग काय.

मराठी डेटात पहिला संशयित म्हणजे एकसारखं दिसणारं पण वेगळ्या कोडचं अक्षर. ‘कऱ्हाड’ घ्या. यातला अर्धा ‘ऱ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका पद्धतीत ‘ऱ’ (कोड २३५३) आणि हलन्त (२३८१). दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’ (२३५२), हलन्त आणि मग न दिसणारा जोडक (८२०५). पडद्यावर दोन्ही सारखेच, पण टेबलासाठी वेगळे. एकाने इनस्क्रिप्टवर नोंदवलेला ‘गोऱ्हे’ दुसऱ्याच्या फोनेटिक कीबोर्डवरून शोधताना हाती लागत नाही. ‘ॲ’चंही तसंच: एकसंध ‘ॲ’ (२४१८) किंवा ‘अ’ (२३०९) अधिक चंद्र (२३७३). सभासद क्रमांक किंवा पिनकोड मजकूर प्रकारच्या फील्डमध्ये असेल तर देवनागरी अंक (२४०६ ते २४१५) आणि इंग्रजी अंक यांचीही हीच गत.

उपाय एकच: सगळीकडे एकच रूप. एक छोटं फंक्शन लिहा, त्यात रिप्लेसने दुसरं रूप पहिल्यात बदला. अक्षरं कोडमध्ये टाइप करता येत नाहीत, म्हणून सीएचआरडब्ल्यू(२३५३) असे आकडे वापरा. रिप्लेसच्या शेवटच्या जागी व्हीबीबायनरीकंपेअर लिहायला विसरू नका, कारण ॲक्सेसच्या मॉड्यूलमध्ये वर ‘ऑप्शन कंपेअर डेटाबेस’ असतं आणि नाहीतर तुलना त्याच्या नियमाने होते. नल आला तर रिप्लेस चूक ९४ देतं, आधी एनझेड. हे फंक्शन तीन ठिकाणी लागू करायचं: जुन्या डेटावर एकदाच अपडेट क्वेरीने (आधी फाईलची प्रत घेऊन), नोंदणी-फॉर्मच्या ‘बिफोर अपडेट’मध्ये, आणि शोधाच्या शब्दावर. तीनपैकी एक जरी राहिलं तरी खोटी शून्यं येत राहतील.

जुना डेटा श्रीलिपी किंवा कृती देवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर टेबलात मुळी देवनागरी नसतेच, रोमन अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. अशा डेटावर युनिकोडमधून शोध चालणार नाही. आधी पूर्ण रूपांतर, मग शोध.

मोकळ्या जागा हा दुसरा संशयित. ट्रिम पुढची-मागची साधी जागा काढतं, पण वेबपानावरून किंवा एक्सेलमधून चिकटवलेल्या मजकुरात कोड १६० ची न तुटणारी जागा असू शकते. तिला ट्रिम हात लावत नाही. तिलाही त्याच फंक्शनमध्ये घ्या.

तारखांचं दुखणं वेगळंच. ॲक्सेसच्या एसक्यूएलमध्ये # चिन्हांमधली तारीख महिना-आधी अशी वाचली जाते, संगणकाची भारतीय मांडणी काहीही असो. ०५/०४/२०२४ म्हणजे आपल्यासाठी ५ एप्रिल, त्याच्यासाठी ४ मे. पण २५/०४/२०२४ ला पंचविसावा महिना नसल्याने तो गुपचूप उलटून बरोबर वाचतो. म्हणजे महिन्याच्या पंचविशीत चाचणी घेतली तर सगळं ठीक दिसतं आणि पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला शोध रिकामा येतो. फॉरमॅट फंक्शनने तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी करून # मध्ये द्या.

शिवाय प्रवेश-तारखेची डिफॉल्ट व्हॅल्यू डेट() ऐवजी नाऊ() ठेवली असेल तर तारखेबरोबर वेळही साठते. मग ‘तारीख = आज’ हा शोध जवळपास नेहमीच शून्य देतो, कारण ‘आज’ म्हणजे मध्यरात्री बारा. आर्थिक वर्षाच्या यादीत ‘३१ मार्चपर्यंत’ म्हटलं की ३१ मार्चला दिवसभरात आलेले सभासद याच कारणाने गळतात. ‘१ एप्रिलपेक्षा लहान’ अशी अट घाला.

अटींची वाक्यं जोडतानाही घोळ होतो. गोव्यातल्या आणि वसईतल्या सभासदांची नावं इंग्रजीत नोंदवलेली असतील तर डिसोझा, डिसिल्वा यांच्या स्पेलिंगमध्ये अपॉस्ट्रॉफी येतो आणि एकेरी अवतरणात बांधलेली अट मध्येच तुटते, चूक ३०७५. रिप्लेसने एकाचे दोन अपॉस्ट्रॉफी करा. ‘लाइक’ वापरताना शब्दातलं # म्हणजे कुठलाही अंक असा अर्थ होतो, ते [#] असं लिहावं लागतं. ‘लाइक *’ ही अट सगळं आणते असा समज आहे, पण नल असलेल्या नोंदी ती सोडते. म्हणून गावाची चौकट रिकामी असेल तर त्या फील्डची अटच जोडू नये. आणि एकही चौकट भरलेली नसताना शेवटचा ‘अँड’ कापायला लेफ्टमध्ये लांबी उणे पाच गेली तर चूक ५. अट रिकामी आहे का, हे कापण्याआधी बघा.

टेबलात लुकअप फील्ड असेल तर दिसतं गावाचं नाव, साठतो गावाचा क्रमांक. त्यावर नावाने शोध घेतला तर चूक ३४६४ तरी येते नाहीतर काहीच सापडत नाही. गावासाठी कॉम्बोबॉक्स द्या आणि तिच्यातला क्रमांक अटीत घ्या.

यादीतून पुढचा फॉर्म उघडताना

सभासदावर डबलक्लिक करून ‘घेतलेली पुस्तकं’ असा फॉर्म उघडत असाल आणि त्याने एकही पुस्तक घेतलेलं नसेल, तर पुन्हा तोच कोरा फॉर्म. त्या फॉर्मच्या ‘ऑन ओपन’मध्ये रेकॉर्डसेटक्लोनचा आकडा शून्य असेल तर कॅन्सल = ट्रू करा. ‘ऑन लोड’मध्ये नको, तिथे कॅन्सल मिळत नाही. फॉर्म उघडणाऱ्या कोडला मग २५०१ ही चूक मिळते, ती पकडून मुख्य फॉर्मवरच्या चौकटीत संदेश दाखवा. रिपोर्टच्या ‘ऑन नो डेटा’मध्ये कॅन्सल केल्यावरही हीच २५०१ येते, दोन्ही एकाच जागी हाताळता येतात.

चाचणी घेताना नुसतं नसलेलं आडनाव टाकून थांबू नका. रिकामी चौकट, फक्त स्पेस, अपॉस्ट्रॉफी असलेलं नाव, ‘कऱ्हाड’ दोन्ही तऱ्हांनी, बारा तारखेच्या आतली एक तारीख, आणि नेटवर्कवरची फाईल तात्पुरती दुसरीकडे हलवून घेतलेला शोध, एवढं तरी करावं. टेबल पूर्ण रिकामं असतानाची अवस्था बघायला मूळ नोंदी पुसायची गरज नाही: टेबल कॉपी करून चिकटवताना ‘फक्त रचना’ हा पर्याय निवडा आणि सबफॉर्मचा रेकॉर्ड सोर्स तेवढ्यापुरता त्या प्रतीकडे वळवा.